पडद्याअलीकडचं बोडण

देवाचं ऐकायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी लहानपणापासून ऐकणारीच. संकष्टीला चंद्र ढगाआड गेला की बाकीचे पंचांगातली वेळ बघून जेवून घेत, मी मात्र गच्चीवर मान वर करून उभी. सोवळ्यात असताना शेजारीण आली तर तिच्याशी खिडकीतून बोलायची, आणि तिला राग आला तर येऊ द्यायचा. पुढे शाळेत गणित शिकवायला लागले, चौतीस वर्षं शिकवलं, आणि ही सवय आणखीच घट्ट झाली. पायऱ्या गाळून उत्तर बरोबर आलं तरी मी गुण कापत असे. देवाच्या बाबतीत तेच. घरात मला सगळे देवघराची मॉनिटर म्हणायचे. हे, म्हणजे माझे यजमान, तर तोंडावर म्हणायचे. मी रागावल्यासारखं करायची, पण मनातून बरंच वाटायचं.

म्हणून मागच्या माघात आमच्या घरी जे झालं ते सांगताना माझी जीभ जरा अडखळते. पण चूक केली की ती फळ्यावर सोडवून दाखवावी, असं मी मुलांना सांगत आले. तेव्हा आता सुटका नाही.

आमच्या कोकणस्थांच्या घरांत मूल जन्मलं किंवा लग्न झालं की बोडण भरतात. पुष्कळांना हे ठाऊक नसतं, म्हणून आमच्याकडची रीत सांगते. देवघरापुढे मोठी परात मांडायची, तिच्यात अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती ठेवायची. पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर हे सगळं जवळ मांडून ठेवायचं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात आणि नैवेद्य हाताने कालवायला लागतात. कालवता कालवता सवाष्णी त्या मुलीला विचारतात, काय हवं? ती दूध म्हणाली की दूध पडतं, मध म्हणाली की मध. ती 'पुरे' म्हणेपर्यंत हात थांबवायचे नाहीत. कारण तेवढा वेळ ती मुलगी नसतेच, देवी असते. तिचा शब्द मोडायचा नाही. पुरुषांनी हे बघायचं नाही, त्यांना सरळ घराबाहेर काढतात. विधवांनीही बघायचं नाही. शेवटी ते कालवलेलं गाईला खायला घालतात.

आमचे पूर्वज दरबारात पूजाअर्चेसाठी म्हणून दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. त्यांच्याबरोबर जे आलं होतं त्यातलं बरंचसं आता गळून गेलंय. पौरोहित्य गेलं, मुलं बँकांत आणि दवाखान्यांत नोकरीला लागली. मराठी अर्धं हिंदीत विरघळलं, इतकं की पुण्याचे नातेवाईक आमच्याशी फोनवर बोलताना हसू दाबतात. बोडण मात्र टिकलं. ते टिकवण्यात माझाही हात आहे असं मी अभिमानाने सांगत असे.

मला बोडण फार आवडायचं. देवकार्याला आवडणं हा शब्द शोभत नाही, पण खरा तोच आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा बसले. कोमट दूध, मऊ पुरण, वरून तुपाची धार, आणि हात मनगटापर्यंत आत. वरून काही दिसत नाही, पण आत दुसऱ्यांची बोटं लागतात. कुणाची ते कळत नाही. थोरल्या जाऊबाई तेव्हा माझ्याशी महिनाभर धड बोलत नव्हत्या, मी आमटीत गूळ जास्त घालते एवढ्यावरून. त्या परातीत कुणाची तरी बोटं माझ्या बोटांत अडकली आणि क्षणभर तशीच राहिली. मी वर बघितलं तर जाऊबाई खाली मान घालून कालवत होत्या. देवळात मला देव असल्याचं कधी फारसं जाणवलं नाही, तिथे माझं अर्धं लक्ष चपलांकडे असतं. परातीत मात्र दर वेळी जाणवलं. इथे कुणीतरी आहे आणि ते माझ्यावर खूश आहे, इतकं स्पष्ट.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर काय काय सोडायचं हे मला कुणीही सांगितलं नाही. मीच सोडलं. कुंकू सोडताना जड गेलं, पण त्याची सवय झाली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली त्याचं तर काही वाटलंच नाही, तिथला चिवडा नेहमी सादळलेला असतो. बोडणाचं मात्र मनातून जाईना. मला आयुष्यात अजून एकदा त्या परातीत हात घालायचा होता, आणि आपण तो घालणार नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं. देवीनेच बाहेर बस म्हटलंय, तर बाहेर बसणं हीच तिची सेवा, असं मी स्वतःला समजावलं. समजूत चांगली होती. फक्त ती रोज नव्याने घालावी लागे.

मग नातू झाला. सात आठवडे लवकर झाला. अठरा दिवस तो काचेच्या पेटीत होता, अंगाला नळ्या, आणि छाती इतकी बारीक की श्वास घेतला की बरगड्या मोजता याव्यात. आम्ही दवाखान्याच्या बाकावर आळीपाळीने बसत होतो. त्या बाकावर बसून मी देवीला म्हटलं, याला घरी आण, बोडण भरीन. तो घरी आला. दोन महिन्यांत बाळसं धरलं, रडण्यात जोर आला. माघातला एक शुक्रवार ठरवला.

माझी सून मुरैन्याकडची, हिंदी घरातली. तिच्या माहेरी बोडण हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता. लग्नात मी माझ्या माहेरची अन्नपूर्णा तिला दिली होती, तेव्हापासून ती रोज तिची पूजा करते, माझ्यापेक्षा शांतपणे करते. लग्नात आणि नात झाली तेव्हा ती बोडणाला बसली होती, पण तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. या वेळचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "आई, तुम्ही कुठे बसणार?"

"पलीकडच्या खोलीत. मधे पडदा आहे."

"फिर मैं भी नहीं बैठूँगी," ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब सांगावा तशी. "नवस तुमचा, बाळ तुमच्या मांडीवर मोठं होतंय, आणि तुम्ही बाहेर?"

जाऊबाई ग्वाल्हेरातच, थाटीपूरला राहतात. आता चौऱ्याहत्तरच्या आहेत आणि सगळ्या कुळाचाराचं शेवटचं अपील त्यांच्याकडे चालतं. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील. त्यांना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "अगं, बस की. पुण्याला माझ्या बहिणीकडे विधवा सुनेला मुद्दाम बसवलं त्यांनी. काही आकाश कोसळलं नाही."

"त्यांचं त्यांच्यापाशी, वहिनी," मी म्हटलं. "देवीचा नियम तो देवीचा नियम. आपल्या सोयीने वाकवायचा असेल तर पाळायचा कशाला?"

फोन ठेवल्यावर मला मोठं समाधान वाटलं. दोघी माझ्यासाठी दार उघडून उभ्या होत्या आणि मी आत गेले नव्हते. याहून मोठं आज्ञापालन काय असणार? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जे सांगितलं नाही ते आता सांगते. मला भीती वाटत होती. मी त्यात हात घातला आणि बाळाला काही झालं तर? हे गेले तेव्हा मी महिनाभर शोधत होते की माझ्याकडून काय राहिलं, कुठला नेम चुकला. पुन्हा तसं शोधत बसायची माझ्यात ताकद नव्हती. भीतीला नियम म्हटलं की ती ताठ मानेने वागवता येते.

शेवटी सून बसायला तयार झाली, तीसुद्धा मी डोळ्यांत पाणी आणल्यावर. ते पाणी खरं होतं, फक्त कारण मी तिला वेगळं सांगितलं.

आता राहिली कुमारिका. ती म्हणजे माझी नात, सुनेची थोरली, सहा वर्षांची. बोडणातल्या कुमारिकांचा मला दांडगा अनुभव. एकदा जाऊबाईंकडे एका पोरीने सगळ्यांच्या देखत चॉकलेट मागितलं. देवीने मागितलेलं, नाही कसं म्हणणार? माणूस धावत गेला, चॉकलेट आलं, परातीत पडलं, गाईने ते खाल्लंही. दुसऱ्या एकीला आपल्या एका शब्दावर चार मोठ्या बायका राबतायत हे कळल्यावर इतकी गंमत वाटली की ती पाऊण तास 'पुरे' म्हणेचना. माझे खांदे आठ दिवस भरून आले होते. असला गोंधळ मला माझ्या नातवाच्या बोडणात नको होता. म्हणून आदल्या दिवशी मी नातीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, पुढे स्टीलचं ताट ठेवलं आणि तयारी करून घेतली. अगदी तोंडी परीक्षेची घेतात तशी.

"काय हवं?"

"दूध."

"मग?"

"दही. फिर तूप. फिर मध. फिर साखर."

"साखर झाली की मी पडद्याआडून खाकरेन. मी खाकरले की काय म्हणायचं?"

"पुरे."

"शाब्बास."

ती ताटात बोट फिरवत होती. "आणि आजी, मला अजून काही पाहिजे असेल तर?"

"नसणार," मी म्हटलं.

देवी काय मागणार हे आदल्या दिवशी देवीला पाठ करून देणारी बाई मी. आणि मी स्वतःला आज्ञाधारक समजत होते. तेव्हा यात काही विचित्र आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही. शाळेतसुद्धा निरीक्षक येणार असले की आम्ही हेच करायचो.

शुक्रवारी सकाळी मुलाला टोपी बाजारात पिटाळलं, दुपारपर्यंत येऊ नकोस म्हणून. जाऊबाई आपल्या दोन्ही सुनांना घेऊन आल्या. त्या तिघी आणि माझी सून, अशा चार सवाष्णी झाल्या. मी पहाटेच उठून पुरण शिजवून वाटलं होतं, नैवेद्याचं पान वाढून दिलं, मध गाळून वाटीत ठेवला. मग बाळाला उचललं, पलीकडच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसले आणि पडदा ओढून घेतला. पडदा जवळच जयेंद्रगंजातल्या दुकानातून आणलेला, जाड, निळा. त्यातून काही दिसायची सोय नव्हती.

दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. नातीचे पाय धुतले, तिला गुदगुल्या झाल्या. परात सरकवली. मूर्ती ठेवल्याचा बारीक आवाज आला, माझ्या माहेरच्या अन्नपूर्णेचा. मग कालवायला सुरुवात झाली. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल, ओला, सावकाश, मधेच बांगड्यांचा. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास पडद्याखालून आला. माझी बोटं बाळाच्या दुपट्यात आपोआप हलायला लागली. मी ती मुठीत धरली. बाळ झोपलेलं होतं. मला इतकं एकटं हे गेले त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

"काय हवं?" जाऊबाईंनी विचारलं.

"दूध," नात म्हणाली. आवाज खणखणीत.

मग दही. मग तूप. मधाच्या वेळी ती जरा थांबली, मी पडद्याआड ओठांनी 'मध' म्हटलं, जसं काही तिला दिसणार होतं. पण तिने बरोबर सांगितलं. मग साखर. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मी खाकरायला घसा तयार केला.

"काय हवं?" जाऊबाईंनी पुन्हा विचारलं.

"आजी," नात म्हणाली.

"क्या?" हा माझ्या सुनेचा आवाज.

"आजी चाहिए. आजीचा हात इथे पाहिजे."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर सोपं झालं असतं. कालवण्याचा आवाज चालू होता, कारण तो थांबवता येत नाही, पण अगदी हळू. मग जाऊबाई म्हणाल्या, "ऐकलंस का गं? तुला बोलावतेय." नात बोलावतेय असं त्या म्हणाल्या नाहीत, देवी बोलावतेय असंही म्हणाल्या नाहीत. नुसतं बोलावतेय.

मी उठले. खरंच उठले. पडदा दोन पावलांवर होता. जी एक गोष्ट मी तीन वर्षं रोज गिळत आले होते तीच मला कुणीतरी वाढत होतं, आणि तेही ज्याच्या तोंडून यायला हवं त्याच तोंडून. तेवढ्यात बाळ मांडीवरून उचललं गेल्यामुळे जागं झालं आणि त्याने एक उचकी दिली. बस, एवढंच. बाळं उचक्या देतात. पण मला ती काचेची पेटी दिसली.

मी खाकरले. पुन्हा खाकरले. मग मी वर्गात वापरते तो आवाज काढला आणि म्हटलं, "पुरे म्हण."

हात फिरतच होते.

"पुरे," नात म्हणाली. फळ्यावर चुकलेलं पोर जागेवर बसताना बोलतं तशा आवाजात.

हात थांबले. बोडण झालं.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. मूर्ती कोमट पाण्याने धुऊन देवघरात गेली. नातीला फ्रॉक आणि गजकाचा, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांचा, डबा मिळाला, जाऊबाईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पडदा उघडला. जेवणं झाली. जाऊबाई कटाच्या आमटीवर काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. सून मला वाढत होती, पण माझ्या ताटाकडे बघून, माझ्याकडे नाही.

मी मात्र मनात ते गणित मांडून बसले होते. कुमारिकेचा शब्द देवीचा, हे खरं धरलं तर आज मी देवीला दटावून गप्प केलं. खोटं धरलं तर इतकी वर्षं मी पोरीबाळींच्या लहरीसाठी हात दुखवून घेतले आणि त्यालाच देवी मानत आले. तिसरी शक्यता मी पुष्कळ शोधली. देवाचं ऐकण्यात माझी सगळी हयात गेली असं मी मानत होते. पण आठवून बघितलं तर त्याने मला आजवर असं एकही काम सांगितलेलं आठवेना, जे मी त्याच्या आधीच ठरवून ठेवलं नव्हतं. आज एक सांगितलं, तर मी नाही म्हटलं.

बरं, ते परत करता येण्यासारखंही नव्हतं. एकदा पुरे म्हटलं की संपलं. पुन्हा बोडण भरायचं तर घरात पुन्हा बाळ यायला हवं किंवा नातीचं लग्न व्हायला हवं. मी अडुसष्टची आहे. हिशेब अवघड नाही.

चारच्या सुमाराला आमच्या गल्लीत एक तांबडी गाय येते आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला उन्हात उभी राहते. बोडण तिला घालायचं होतं. सून बाळाला पाजत होती, जाऊबाईंच्या सुना भांड्यांत होत्या. परात मीच उचलली. बाहेरून धरायला हरकत नाही, आतल्याला हात लावायचा नाही, असा एक पोटनियम मी तेवढ्यात काढला होता. माझ्याकडे नियमांची कमी कधीच पडली नाही. परात जड होती. नात न सांगता दुसऱ्या बाजूला आली आणि तिने कड धरली. जाऊबाई गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत फाटकापर्यंत आल्या आणि तिथे उभ्या राहिल्या.

आम्ही परात गाईपुढे ठेवली. ती वास घेत होती.

"आजी," नात म्हणाली, "तेव्हा मी देवी होते ना?"

"होतीस."

"मग मी तुझं का ऐकलं? देवी को तो किसीकी नहीं सुननी पड़ती ना?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. चौतीस वर्षांत मुलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, काहींची उत्तरं मला येत नसत, तेव्हा मी उद्या सांगते म्हणायची. हे उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले, रस्त्यातच, नव्या पातळासकट.

"माझं चुकलं," मी म्हटलं. जाऊबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघालं ते. "मी घाबरले होते. आता सांग, काय हवं?"

ती विचारात पडली. "पण अब तो मैं देवी नहीं हूँ. पुरे बोल दिया ना. आता मी नुसती मी आहे."

"ठाऊक आहे. तरी सांग."

तिने परातीकडे बघितलं, गाईकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल घरी चल, किंवा गजक दे, सहा वर्षांचं पोर आणखी काय म्हणणार.

"तू भरव तिला," ती म्हणाली. "हाताने."

मी वर बघितलं. बाळाच्या खोलीची खिडकी उघडी होती, सूनही खिडकीत आली होती, तिच्या खांद्यावर बाळ डोकं टाकून पडलेलं. भीती होतीच. ती कुठे गेली नव्हती आणि खरं सांगायचं तर आजही गेलेली नाही, पोराला साधी सर्दी झाली तरी मला तो शुक्रवार आठवतो. त्या भीतीसकट मी हात परातीत घातला.

थंड झालं होतं सगळं. तूप थिजलं होतं, दही आंबट झालं होतं, पुरणाचे गोळे बोटांना लागत होते. आत दुसऱ्या कुणाची बोटं नव्हती. कोमट, मऊ, चौघींच्या हातांचं जे मी आठवत आले होते, त्यातलं काहीच नव्हतं. ते मी सकाळी घालवलं होतं आणि ते गेलंच. मी ओंजळभर घेऊन गाईपुढे धरलं. तिची खरखरीत जीभ तळव्यावरून फिरली आणि मी रडायला लागले. भर रस्त्यात, स्कूटरवाले बघत असताना, जाऊबाईंसमोर. लाज वाटली नाही. इतक्या वर्षांत मी देवापुढे पुष्कळदा हात जोडले, पण ते नेहमी कोरडे, स्वच्छ, सोवळ्यातले असत.

याने देवी प्रसन्न झाली का, मला माहीत नाही. झाली असं कुणी सांगितलं तर आता मी पटकन विश्वास ठेवणार नाही. देवीला मी सकाळीच गप्प केलं होतं. समोर उभी होती ती फ्रॉकला पुरण लागलेली एक मुलगी, आणि ती पुढे काय सांगणार हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

गाईने हात चाटून पुसून साफ केला. मी उठायला लागले.

"दुसरा पण," नात म्हणाली.

मी पुन्हा खाली बसले आणि दुसरा हात आत घातला.